बिरेतच्या नावापुढे

तूवाने जाडजूड पुस्तक गुदवेगबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं आणि खूण केलेलं पान पुढे सरकवलं. गावातल्या घराघराची माहिती देणारा हा ग्रंथ बाईंनीच शेहेचाळीस वर्षांपूर्वी लिहिला होता. नॉर्वेतल्या या फ्योर्डच्या, खोल खाडीच्या, काठावर प्रत्येक घरात तो होता. पोर पंधराचं झालं की चर्चमधल्या सोहळ्याला अजून तोच भेट देत.

“ही माझी पणजी, बिरेत. पुढे लिहिलंय बघा, ‘बाहेरून आलेली’.”

बाईंनी चष्मा लावला. वाचायची गरज नव्हती.

“ती नॉर्वेजियन नव्हती. सामी होती ना, बाई, इथल्या उत्तरेच्या मूळच्या लोकांतली? घरात सामीच बोलायची?”

“हो.”

“झालं तर! मला सामी संसदेच्या मतदारयादीत नाव घालायचंय, आणि पणजी घरात सामी बोलत असली की ते घेतात. मामा म्हणतो, ग्रंथात नाही ते तू कुठून उकरून काढलंस?” तूवा हसली. मग आवाज खाली आला. “आजीने लपवलं, हो ना? तुम्ही माहिती गोळा करत होतात तेव्हा तिनेच नको म्हटलं असणार. फार राग आला होता मला. तिच्या थडग्यावर जाणंसुद्धा सोडलं. आता वाटतं, तो काळच तसा. माफ केलं मी तिला.”

कॉफी निवत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आजी, आस्लाउग, जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी या स्वयंपाकघरात तिसरं कुणी नव्हतं.

“तिने नको म्हटलं नाही,” बाई म्हणाल्या. “आपणहून आली होती. इथेच बसून म्हणाली, ‘लिही, आई सामी होती.’ मी म्हटलं, ‘अगं, असल्या घरगुती गोष्टी इतिहासात येत नाहीत. उगाच पोरांना शाळेत चिडवतील.’ मला वाटलं, मी उपकारच करतेय.”

“मग?”

“मग काय. कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि गेली.”

तूवाने खूण केलेल्या पानाकडे पुन्हा बघितलं.

“मग इतिहासात येत काय होतं, बाई?”

बाईंनी बिरेतच्या नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. तूवाने पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि वाचलं,

“गाई दोन. मेंढ्या नऊ. डुक्कर एक.”