मूळ घड्याळाची थरथर

प्रयोगशाळेतील त्या परिपथाचे कर्तव्य एकच होते: मूळ घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याशी आपला ठोका अचूक जुळविणे. परंतु पडद्यावर त्याचा ठोका किंचित पुढेमागे थरथरत होता, आणि तो परिपथ रचणाऱ्या नवोदित अभियंता युवतीची नोकरी कायम होणे त्या थरथरण्यावरच अवलंबून होते.

"अगं, हे सर्किट आहे की म्हातारीचा हात?" मुख्य साहेब कडाडले. "शंभरदा सांगितलं, वरून येईल ते मुकाट्यानं ऐकायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही!"

"सर, सर्किट मुकाट्यानंच ऐकतंय," ती नम्रपणे म्हणाली. "मूळ घड्याळच थरथरतंय. आडात आहे तेच पोहऱ्यात येणार ना?"

मूळ घड्याळ साक्षात साहेबांच्या हातचे होते. त्यांनी घसा खाकरला.

"मग त्याला जरा कमी ऐकायला शिकव की! वरचा डगमगला म्हणून खालच्यानंही डगमगायचं? असला होयबा काय कामाचा?"

तिने परिपथाचे आज्ञापालन थोडे सैल केले. आता तो मूळ घड्याळाची चाल तेवढी घेई आणि थरथर सोडून देई. पडद्यावरील रेषा निश्चल झाली. साहेबांनी प्रसन्न मुद्रेने संचालकांना बोलावून ती दाखविली.

"वा! मग या मुलीला कायम करायचं ना?" संचालकांनी विचारले.

 

"नको," साहेब म्हणाले. "हुशार आहे, पण वरच्यांचं ऐकत नाही."