सापडला तरी कंपनीचा

चौऱ्याण्णव साली उत्तनच्या मॅन्युएलचा टेम्पो चोरीला गेला. त्यात खत, कुंड्या भरून तो मीरा रोडच्या सोसायट्यांच्या बागा सांभाळायचा. सहा महिन्यांनी विम्याचा दावा मंजूर झाला. “सही ठोका, अंकल. यापुढे टेम्पो सापडला तरी कंपनीचा,” एजंट म्हणाला. मॅन्युएलचं पेन अडलं. “डावा दरवाजा मला पायजे.” “खटाऱ्याचे पैसे मिळतायत, आणि दरवाजा मागताय? सोन्याचा हाय काय?” एजंटने चिडवलं. “पत्र्याचाच हाय. बायको बाजूला बसायची. कुठल्या वारी कुठली बाग, ते तिनं आतून रंगानं लिवलंय.” तिला जाऊन चार वर्षं झाली, हे एजंटला ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, “वार पाठ असतील ना, अंकल?” “वार पाठ हायत रे. तिचं अक्षर कसं पाठ करू?” सही करून मॅन्युएल आता कंपनीचा झालेला टेम्पो पुन्हा शोधायला निघाला.