लाल खूण

वैद्यकीय शब्दकोशाची कार्डं मी लिहायचो, बायको तपासून लाल खूण करायची. लिहिणाऱ्याने स्वतःच्या कार्डावर खूण करायची नाही, हा आमचा नियम. कोश ‘भ’पर्यंत पोचला आणि तिचा रिपोर्ट आला. “अहो, मायलोमा म्हणजे काय?” तिने विचारलं. “मूळ ग्रीक. मायलो म्हणजे मज्जा, ओमा म्हणजे गाठ.” “हे झालं मूळ. अर्थ?” “बघून सांगतो,” म्हणत काढता पाय घेतला. जन्मभर अर्थ सांगून पोट भरलेला माणूस मी! मायलोमाचं कार्डही अर्थाची जागा कोरी ठेवून खोक्याच्या तळाशी दडवलं. ती गेल्यावर छापखान्याने ‘म’ची कार्डं मागितली. ते कार्ड काढलं, तर कोऱ्या जागी तिचं अक्षर होतं: “मज्जेचा कर्करोग. पूर्ण बरा होत नाही.” लाल खूण नव्हती. खाली बारीक लिहिलं होतं: “हे मी लिहिलंय. खूण तुम्ही करायची.”