रुद्राणीचे डोळे

शेजारचा आकाराम पळत आला तेव्हा सिद्धाप्पा कामाच्या खोलीत पैंजणाला घुंगरं जोडत बसला होता.

"अण्णा, उठा. वैनी गेल्या," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाला उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. दिवेलागणीला नवऱ्याला न्यायला निघालेली रुद्राणी सरळ तिच्यावर आदळली आणि मागं दगडावर पडली.

"असली ट्रॉली कुणालाबी दिसली नसती," सगळे म्हणाले. सिद्धाप्पालाही ते पटलं.

मुलगी शिवांजली पुण्याहून आली. आली ती सरकारी दवाखान्यातच.

"अप्पा, अव्वाचे डोळे मला देता?" आईकडं बघत तिनं विचारलं.

शिवांजली पुण्याच्या प्रयोगशाळेत अप्पांच्याच आजारावर काम करायची. चाळिशीनंतर सिद्धाप्पाच्या डोळ्यांतला पडदा झिजत गेला होता. उजेडात काम जमायचं, अंधार पडला की काही दिसायचं नाही. त्याच्या आजोळी हा आजार होता. रुद्राणी त्याच्या मामाचीच मुलगी. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईचे डोळे कसे आहेत? दोघांकडून दोष आला, तरच मुलीला आजार होतो."

"माझ्या डोळ्यांस्नी काय धाड भरली? सुईत दोरा ओवते की मी," रुद्राणी म्हणाली होती. मग तिला कुणी तपासलं नाही.

"तुझ्या औषधानं मला दिसंल व्हय?" सिद्धाप्पानं विचारलं.

"औषध न्हाई अप्पा, उलटंच हाय. चांगल्या डोळ्यातल्या पेशींवर हे रसायन घातलं, की तुमच्यात बिघडलंय त्या एका जनुकाचं काम बंद पडतं. मग काय काय बिघडतं ते बघायचं. त्याला चांगलेच डोळे लागतात."

त्यानं सही केली. दुसऱ्या दिवशी रुद्राणीला माती दिली.

पुढं तो पुन्हा कामाला जाऊ लागला. आता संध्याकाळी न्यायला कुणी येत नव्हतं. आधी रुद्राणी यायची. मागून खांद्यावर हात ठेवायची. "चला, मी हाय मागं." तो पायानं रस्ता चाचपत पुढं चालायचा. एकदा दोघंही गटारात पडली, तेव्हा चहावाला पिराजी ओरडला, "वैनी, अण्णास्नी सांभाळा की! का तुमालाच धरायला माणूस पायजे?"

"ह्यांच्याकडं बघायच्या नादात माझंच ध्यान न्हवतं," लुगडं झटकत ती म्हणाली.

आता तो एकटाच चालायचा. तरी घर सापडायचं. त्याचं त्याला नवल वाटायचं.

शिवांजली उन्हाळ्यात आली. जेवली नाही.

"जमलं का तुझं?"

"रसायन घातलं अप्पा. अव्वाच्या पेशींत काय फरकच पडला न्हाई."

"रसायन खराब असंल."

"मलाबी तसंच वाटलं. पण दुसऱ्यांच्या डोळ्यांवर तेच रसायन चाललं. मग अव्वाचं जनुक तपासलं. तुमच्यात हाय तोच दोष हाय. अव्वाच्या डोळ्यांत ते काम आधीपासनंच बंद होतं. थांबवायला काय नव्हतंच."

सिद्धाप्पाचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला.

त्यानं विचारलं, "आणि तुझं?"

शिवांजलीनं स्वतःचं रक्त अजून तपासायला दिलं नव्हतं.