ओवीची टिकली

सुनेत्राने पुन्हा पुन्हा हाक मारली, तरी ओवी मान खाली घालून भागाकार करत राहिली.

शाळेचा ताण नको म्हणून सुनेत्राने लेकीला घरीच शिकवायला घेतलं होतं. पण पाढ्यांवरून रोज रडारड व्हायची. शेवटी तिनेच ओवीच्या कानामागे आवाज गाळणारी एक इवलीशी टिकली चिकटवली. ज्या आवाजाने पोरीच्या पोटात गोळा येई, तो टिकली तिला ऐकूच येऊ देत नसे. आधी शेजारच्या बांधकामाची खडखड गेली, मग कुकरच्या शिट्ट्या.

ओवी उठून बाबांकडे गेली. "बाबा, आई नुसतेच ओठ का हलवते? माझ्यावर रुसलीय का?"

गिरीशने बायकोकडे पाहिलं.

सुनेत्राने घाईघाईने टिकली काढली आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, "ओवी, बाळा, मी आहे."

ओवीचा चेहरा पांढराफटक पडला. कानांवर हात दाबून ती हुंदके देऊ लागली. "चुकलं नाही गं आई! सगळं बरोबर सोडवलंय!"

सुनेत्राने टिकली पुन्हा लावली. हुंदके थांबले. मग तिने लेकीची माफी मागितली, तेव्हा ओवी शांतपणे पुढचं गणित वाचत होती.