चार गाद्या

"आपल्या दोघांना आहे ती छोटी बोट पुरते की," मांडव्याच्या धक्क्यावर मृणाल पुन्हा म्हणाली.

"हिच्यात सहाजण झोपतात. उद्या लेक-जावई, नातवंडं कॅनडाहून आली की?" मी म्हणालो.

बोट जुनी, पण ऐसपैस होती. विकणारे सबनीसकाका आणि काकू आम्हाला केबिनमध्ये घेऊन गेले. दोन गाद्या वापरून वापरून दबल्या होत्या. बाकीच्या चार गाद्यांवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

"मुलं आली की काढू म्हटलं," काकू म्हणाल्या. "बारा वर्षं झाली."

माझा कॅनडाचा विषय तिथेच संपला.

मृणालने एका गादीवरचं प्लास्टिक टर्रकन फाडलं.

"बोट घेतली," ती म्हणाली. "आणि काकू, शनिवारी तुम्ही दोघांनी मुक्कामाला यायचं."