हस्तिदंती झोका

२०१७ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी भडगावला, भाऊ प्रेमराजकडे आले होते. धाकटी बहीण मंजुळा आजारी होती, म्हणून धुळ्याहून येऊ शकली नव्हती. लहानपणी आखाजीला आम्ही एकाच झोक्यावर बसायचो. मंजुळा सरकून मला जागा करून द्यायची.

प्रेमराजच्या खोलीत आजोबांनी कुण्या साहेबाकडून घेतलेलं शिसवी टेबल आहे. त्यावर हस्तिदंताचे तुकडे बसवून विलायती बंगला, एक झाड आणि झाडाला रिकामा झोका काढलेला होता. दुपारी मी मंजुळाच्या नावाने त्या झोक्याला बोटाने हलकेच ढकललं.

भावजय दिपमाला टेबल पुसायला आली आणि थबकली. "अक्का, हाई बाई पहिलेपाईन शे का?"

पहिल्यापासून नव्हती. झोक्यावर नऊवारीतली हस्तिदंती बाई बसली होती. बोट फिरवलं, तर सांधा कुठेच लागला नाही.

मी लगेच धुळ्याला फोन लावला. मंजुळानेच उचलला. ती लहानपणीसारखी हसत होती.

"अक्का, पुरे वं! पाय टेकत नाहीत माझे. थांबव ना!"

मी झोक्यावर तळहात दाबून धरला. हाताखाली काहीतरी मागेपुढे होत राहिलं.

मंजुळा त्याच संध्याकाळी गेली. प्रेमराज गेल्या वर्षी वारला. दिपमाला त्या खोलीत पाऊल टाकत नाही. मी आता भडगावलाच असते आणि रोज दुपारी टेबल पुसते.

परवापासून ती बाई झोक्याच्या एका कडेला सरकून बसली आहे.